तुमचाच, पूल

सोमवारच्या बैठकीत कल्पकने तो पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला, की कात्रीच्या कपाळावरची शीर तटतटायला लागायची. डबा बिस्किटांचा होता. बिस्किटं असती तर निदान खाता तरी आली असती. आत होती जाड पुठ्ठ्याची रंगीत कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर लेख रंजक करण्याची एकेक युक्ती.

कल्पक म्हणजे रविवारच्या पुरवणीचा नवा संपादक. आईबापांनी त्याचं नाव वेगळंच ठेवलं होतं. पण पहिल्याच दिवशी तो "आपण कल्पक व्हायला हवं, मित्रांनो" हे वाक्य इतक्या वेळा म्हणाला, की दुपारच्या चहापर्यंत ऑफिसनं त्याचं नवं बारसं उरकून टाकलं. कात्रीचं बारसं त्याच्याही कितीतरी आधी झालं होतं. ती पुरवणीची उपसंपादक. लोकांच्या लेखातली विशेषणं कापत बसायची म्हणून कात्री, आणि तोंडही तसंच चालायचं म्हणून ते नाव टिकलं.

पद्धत अशी होती. प्रत्येकानं आपला विषय सांगायचा, डोळे मिटून डब्यात हात घालायचा आणि कार्ड सांगेल तसाच लेख लिहायचा. शेवटापासून सुरू करा. दोन न जुळणाऱ्या गोष्टींचं लग्न लावा. वैऱ्याच्या नजरेतून बघा. टाचदुखीवर लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हाती 'रहस्य शेवटपर्यंत लपवा' आलं, तेव्हा बिचारीनं टाचेची अशी काही हेरकथा रचली, की वाचकाला शेवटच्या ओळीपर्यंत चपलेचा संशयच येऊ नये. बागकामवाल्यानं कुंडीतल्या मातीचं लग्न आयकराशी लावलं. लोकांना ते आवडलंही, आणि खरी आग तिथेच लागत होती. खप वाढत होता. कल्पक चुकीचा आहे हे कात्रीला पुराव्यानिशी सांगता येत नव्हतं.

तिचं म्हणणं साधं होतं. विषय डब्यात नसतात, रस्त्यात पडलेले असतात, वाकायची तयारी पाहिजे. तिची स्वतःची युक्ती एकच, आणि ती कुठल्याही कार्डावर नव्हती. भेटेल त्या माणसाला ती विचारायची, "काय, आज काय बिघडलंय?" वाण्याला, लिफ्टवाल्याला, दातांच्या डॉक्टरला, अगदी तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडल्यापडल्यासुद्धा. माणसं बरं काय चाललंय ते सांगायला कंटाळतात, पण बिघडलेलं विचारलं की तासभर थांबत नाहीत.

त्या आठवड्यात तिनं हा प्रश्न ताईला विचारला होता.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, सूतिकागृहातली परिचारिका. आई लवकर गेली. तेव्हापासून कात्रीच्या वेण्या ताईनं घातल्या, पुस्तकांना कव्हरं ताईनं घातली, आणि पुढे ही भांडून घर सोडून निघाली तेव्हा हिची बॅगही ताईनंच भरून दिली. आता दोघींनीही पन्नाशी ओलांडली होती, तरी ताई तिला 'छोटी'च म्हणायची. ताईचं घर कालव्याच्या पलीकडे, सूतिकागृह अलीकडे, आणि मध्ये पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी पूल. खाली लोखंडाचा सांगाडा, वर चालायला लाकडी फळ्या.

"काय बिघडायचंय?" ताई म्हणाली. "तो पूल बिघडलाय. मधल्या फळीखालचे बोल्ट गळून पडलेत. पाय ठेवला की दुसरं टोक वर येतं. एखाद दिवशी कुणीतरी जाणार गं खाली. बाळंतिणीसुद्धा येतात त्या पुलावरून. तुझ्या पेपरात लिही की काहीतरी."

कात्री दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या अभियंत्याला जाऊन भेटली. तो तिला घेऊन पुलाखाली गेला आणि खांबाचा गंज नखानं खरवडून दाखवला. पापुद्रे हातात आले. "पाडायचा आदेश झालाय," तो म्हणाला. "सह्या झाल्यात. नुसतं वरून कुणी हलत नाही. तुम्ही चार ओळी छापा, मॅडम. चार ओळींनी हलतात ही माणसं."

तिनं चार ओळींऐवजी अर्धा रकाना लिहिला. कालव्यावरचा पादचारी पूल धोकादायक झाला आहे. मधल्या फळीचे बोल्ट निघाले आहेत. पूल पाडण्याचा आदेश निघूनही अंमलबजावणी झालेली नाही. तोवर नागरिकांनी रस्त्यावरच्या मोठ्या पुलाचा वापर करावा. एकही विशेषण नव्हतं. तिला तो मजकूर फार आवडला होता.

कल्पकने तो वाचला आणि कागद अलगद खाली ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावरचा हात काढावा तसा.

"माहिती आहे, मॅडम. पण यात जीव कुठे आहे?"

"जीव पुलावरून जाणाऱ्यांच्यात आहे. तो जाऊ नये म्हणून तर लिहिलंय."

"वाचक तिसऱ्या ओळीला पान उलटेल. काढा, एक कार्ड काढा."

"हा विषय कार्डाचा नाही हो."

"प्रत्येक विषय कार्डाचा असतो," कल्पक म्हणाला, आणि ती हात घालेना म्हणून त्यानंच तिच्या वतीनं डब्यात हात घातला. हिरवं कार्ड निघालं. वस्तूच्या तोंडून सांगा. "वा! पूल स्वतः बोलतोय! बघा, आत्ताच माझ्या अंगावर काटा आला."

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, हे आम्ही सातवीत लिहायचो. फाटक्या छत्रीचं मनोगत, फुटक्या फळ्याचं मनोगत. दहापैकी आठ मार्क मिळायचे आणि बाई शेवटी लाल शाईनं 'भाषा सुधार' लिहायच्या."

"मग तुम्हाला तर जमेलच," कल्पक हसून म्हणाला.

ती आपल्या जागेवर येऊन बसली आणि रागारागानं टंकायला लागली. याला जीव पाहिजे काय? घे जीव. याला काटा पाहिजे काय? घे, बोचून घे. तिनं पुलाला म्हातारा केलं. त्याला कुरकुरणारे गुडघे दिले. 'तुमच्या आजीचं पहिलं पाऊल माझ्या छातीवर पडलं, तेव्हा ती दोन वेण्या घालायची,' असं तिनं लिहिलं, आणि स्वतःशीच दात ओठ खात पुढे गेली. 'माझी मधली फळी हल्ली हलते. म्हाताऱ्याचा दात हलतो तशी. पण म्हणून कुणी आजोबांना घराबाहेर काढतं का?' उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तो पूल बोलत सुटला. तो शाळेतून पळालेल्या पोरांना ओळखत होता, भांडून निघालेल्या नवराबायकोंना मधोमध थांबवत होता. 'मला पाडणार म्हणतात. पाडू देत. पण त्याआधी एकदा माझ्या कठड्यावर हात ठेवून जा.' खाली सही: तुमचाच, पूल. वस्तू बोलली की लेखकाचं नाव द्यायचं नाही, असा कल्पकचा नियमच होता.

अर्धा तास कसा गेला तिला कळलं नाही. इतक्या भरभर तिनं कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. ते रागामुळे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. हे वाचल्यावर कल्पकला आपली चेष्टा चाललीय हे समजेल, तो ओशाळेल आणि मुकाट्यानं अर्धा रकाना छापेल, असा तिचा हिशोब होता. पण चेष्टा कळायला आधी समोरच्याला स्वतःबद्दल थोडी तरी शंका असावी लागते. कल्पकने तो लेख उभं राहून मोठ्यानं वाचला. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. बागकामवाला म्हणाला, "बाई, आज तुम्ही लिहिलंत."

तेव्हाच तिनं तो कागद टराटरा फाडायला हवा होता. पण इतकी माणसं एकदम गप्प झाली होती, आणि ती आपल्या शब्दांनी गप्प झाली होती. तिनं तो तसाच छापायला जाऊ दिला.

रविवारी लेख आला. सोमवारी पुलाच्या कठड्यावर कुणीतरी फुलांचा गुच्छ बांधला. मंगळवारी दहा गुच्छ होते. बुधवारी पुलाला पत्रं यायला लागली. 'प्रिय पूल' म्हणून. माणसं लांबून लांबून येऊन कठड्यावर हात ठेवून फोटो काढायला लागली, आणि ज्या पुलावर एका वेळी चार जण नसायचे त्यावर संध्याकाळी दाटी व्हायला लागली. मधल्या फळीवर तर रांग लागायची. हलणारा दात बघायला! आळीपाळीनं पाय ठेवून बघत, फळीचं टोक वर आलं की हसत आणि "अगदी लेखातल्यासारखंच" म्हणत पुढच्याला जागा देत.

एका निवृत्त मास्तरांनी पूल बचाव समिती काढली. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि नगरपालिकेवर मोर्चा नेला. हातातल्या फलकांवर लिहिलं होतं, 'आजोबांना हात लावू नका.'

कात्री धावत अभियंत्याकडे गेली. त्यानं तिला बसाही म्हटलं नाही.

"तुम्हाला मी चार ओळी मागितल्या होत्या," तो म्हणाला. "तुम्ही काय करून ठेवलंत? आदेश थांबला. सगळे नगरसेवक एका सुरात म्हणताहेत, पूल पडला तर बघू, पण पाडला तर आम्ही पडू."

"मग दुरुस्त तरी करा!"

"दुरुस्त होत नाही म्हणून तर पाडत होतो. आता रंग देणार आहेत. निळा."

आणि खरंच रंग दिला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं. गंजावर निळा रंग चढला, पापुद्रे दिसेनासे झाले, आणि पूल नव्या नवरीसारखा चमकायला लागला. बोल्ट नव्हते तिथे रंगाऱ्यांनी भोकंसुद्धा नीट निळी करून ठेवली.

कात्रीनं कल्पकसमोर पुन्हा तो अर्धा रकाना ठेवला. "हे छापा. आत्ता. तिथे रोज शेकडो माणसं उभी राहतात."

"मॅडम, वाचकांचं पुलाशी एक नातं जुळलंय. त्यात आपणच विष कालवायचं? उलट मी तर म्हणतो, पुलाला दर रविवारी सदर द्यावं." तो गंभीर होता. "तुम्हीच लिहा. ती भाषा तुमच्यासारखी कुणाला जमायची नाही."

"मेले तरी लिहिणार नाही."

"हरकत नाही," कल्पक म्हणाला, आणि सदर बागकामवाल्याला दिलं. पुढच्या रविवारपासून पूल कुंड्यांबद्दलही बोलायला लागला.

मग कात्री स्वतः पुलावर गेली. संध्याकाळची गर्दी होती, मास्तर कोपऱ्यात सह्या घेत बसले होते. ती मधल्या फळीपाशी हात पसरून उभी राहिली. "खाली उतरा! हा पूल पडायला आलाय! खाली खांब सडलेत, मी बघितलेत!"

माणसं जरा दबकली. मास्तर उठून आले. सभ्य गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, वर्गातल्या व्रात्य पोरीशी बोलावं तसा मायेचा आवाज. "बाई, शांत व्हा. तुम्ही तो लेख वाचलात का?"

"वाचलात का काय विचारता? मीच लिहिलाय तो!"

मास्तर इतक्या समजुतीनं हसले, की कात्रीला त्यांना कालव्यात ढकलावंसं वाटलं. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्येकाला वाटतं, हे आपणच लिहिलंय. हेच तर त्या लेखाचं मोठेपण!"

आजूबाजूची माणसं माना डोलावू लागली. कुणीतरी तिला प्यायला पाणी दिलं. ती तिथून तरातरा निघाली, ती वाटेत कुणाला धक्का लागला तर सॉरीसुद्धा म्हणाली नाही. मूर्ख आहेत सगळे, ती स्वतःशी म्हणत होती, मोठ्यानं म्हणत होती. निळा रंग दिला की लोखंड बरं होतं यांचं. वाचता येतं म्हणजे अक्कल येते असं कुणी सांगितलं होतं?

एक बरं होतं. ताई त्या मूर्खांतली नव्हती. पहिल्यांदा फळी ओळखली ती तिनं. तरी कात्रीनं फोन करून बजावलं, "ताई, मोठ्या पुलानं जात जा. लांब पडलं तरी चालेल."

"बघते गं," ताई म्हणाली. "तू जेवलीस का?"

पुढच्याच आठवड्यात, सकाळच्या उन्हात, रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या ताईचा पाय मधल्या फळीतून आरपार गेला. फळी मोडली, ताई कमरेपर्यंत खाली गेली आणि दोन्ही हातांनी कठड्याची सळई धरून लटकली. माणसांनी ओढून वर काढली. मांडीचं हाड मोडलं होतं आणि फळीच्या तुटक्या टोकानं पाय गुडघ्यापासून वरपर्यंत फाटला होता.

कात्री हॉस्पिटलात पोचली तेव्हा ताईला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं. बाहेर बाकावर मास्तर बसले होते, मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन. तिला बघून ते उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"घाबरू नका," ते म्हणाले. "पुलानं त्यांना सोडलं नाही. कमरेपाशी घट्ट धरून ठेवलं. दुसरा एखादा पूल असता ना, तर..."

पुढचं कात्रीनं ऐकलंच नाही. तिनं तो गुच्छ त्यांच्या हातातून हिसकावला आणि लांब फेकला. "चालते व्हा! माझी बहीण आहे आत! तुमच्या आजोबांनी तिचा पाय खाल्लाय! आधी चालते व्हा इथून, नाहीतर मी काय करीन मला माहीत नाही!" बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. मास्तर चप्पल शोधत राहिले, एक मिळाली, दुसरी बाकाखाली गेली होती, आणि ती मिळेपर्यंत कात्री त्यांच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होती.

दुपारी ताई बाहेर आली, गुंगीत होती, पण धोका टळला होता. तेवढ्यात फोन वाजला. कल्पक.

"मॅडम, फार वाईट झालं. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत." मग तो थोडा थांबला. "एक विचार आला. लगेच उत्तर द्यायला नको. पुलाची माफी. म्हणजे पूल त्या परिचारिकेची माफी मागतोय. बागकामवाल्याला नाही झेपायचं ते. तुम्हीच..."

कात्रीनं फोन ठेवला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला ताईकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि सरळ ऑफिस गाठलं. आत शिरल्या शिरल्या तिनं तो डबा उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत रिकामा केला. मग ती बसली आणि लिहिलं.

'पूल बोलत नाही. पुलाच्या नावानं छापलेला पहिला लेख मी लिहिला होता. संपादकांची चेष्टा करण्यासाठी लिहिला होता. त्यातली आजी मी रचली, तिच्या वेण्याही मी रचल्या. खरी गोष्ट एवढीच होती, की मधली फळी सुटली आहे, आणि ती मी गोड करून सांगितली. या फळीतून पडून काल एका परिचारिकेचा पाय मोडला. ती माझी सख्खी बहीण आहे. खांब आतून सडले आहेत. रंगाला भुलू नका. पुलावर जाऊ नका.' खाली तिनं आपलं पूर्ण नाव घातलं, जे ऑफिसातल्या निम्म्या लोकांना माहीतही नव्हतं.

"हे जाईल," ती कल्पकला म्हणाली. "असंच जाईल. नाही गेलं, तर मी त्या पुलाच्या तोंडाशी उभी राहून रोज मोठ्यानं वाचीन, आणि तुमचंही नाव वाचीन."

ती भांडायला पदर खोचून उभी होती. कल्पक वाचत गेला. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"मॅडम," तो भारावून म्हणाला, "हे जबरदस्त आहे. 'मुखवटा काढा' असं एक कार्डच आहे माझ्याकडे. तुम्ही न काढताच..." त्यानं टोपलीकडे पाहिलं. "उद्याच रविवार आहे, पुरवणीच्या पहिल्या पानावर घेऊ. चौकट करू. वर पुलाचा जुना फोटो, खाली तुमचा नवा."

माणूस चिखल होता, दगड मारा, काठी मारा, तो सगळं पोटात घेऊन पुन्हा सपाट. "चौकट नको," अखेर ती म्हणाली. "फोटो नको. कंटाळवाणं दिसू दे. कंटाळ्यानं अजून कुणी मेलेलं नाही."

पहिल्या पानावर आलं, चौकटीशिवाय. त्या दिवशी अभियंत्यानं कुणाला न विचारता पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. नगरसेवक ओरडले, पण आता पडलेल्या बाईची बहीण नावानिशी बोलत होती, त्यामुळे हळू ओरडले. कात्रीच्या नावानं शिव्यांची पत्रं आली. पुलाच्या भावना दुखावल्या म्हणून आली, वाचकांना फसवलं म्हणून आली. ती एकेक उघडायची, वाचायची आणि मिटक्या मारत फाडायची. तिला बरं वाटत होतं. भांडण जिंकलेल्या माणसाला वाटतं तसं बरं.

तो अंक घेऊन ती हॉस्पिटलात गेली. ताई आता उशीला टेकून बसत होती. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा उतरलेला, पण वॉर्डातल्या पोरींना औषधांच्या वेळा सांगण्याइतकी ती पुन्हा ताई झाली होती. तिनं चष्मा लावला, पान लांब धरलं आणि सावकाश वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे."

"पहिल्यांदाही असंच लिहिलं होतं गं. तो छापेना. जीव नाही म्हणाला. गाढव."

ताईनं पेपराची नीट घडी घातली. "हे आधी आलं असतं, तर मी मोठ्या पुलानं गेले असते."

कात्री हसली. "तुला कशाला छापून यायला हवं होतं? तुलाच तर माहीत होतं. तूच मला सांगितलंस."

ताईनं चष्मा काढला आणि पांघरुणाच्या टोकानं पुसायला लागली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"ताई?"

"तुझा तो लेख आला ना, तो मी वॉर्डात सगळ्यांना वाचून दाखवला," ताई म्हणाली. "माझ्या छोटीनं लिहिलाय म्हणून. नाव नव्हतं, पण मला कळलं. पहिल्या ओळीलाच कळलं. मग घरी जाऊन परत वाचला. त्याआधी मी त्या फळीपाशी आले की कठडा धरून, कडेकडेनं, फळीवर पाय न देता पलीकडे जायची. रोज. बायकांनाही तसंच जायला सांगायची. लेख वाचल्यावर मला कसंतरीच वाटायला लागलं. इतकी वर्षं त्यानं मला नेलं-आणलं, आणि आपण त्याला असं टाळून जायचं, जसं काही त्याला रोगच झालाय. मग मी सरळ मधून जायला लागले. पाय ठेवून. मुद्दाम."

"ताई, ते खोटं होतं. मी थट्टा करत होते. तुला माहीत होतं ते मी लिहिलंय."

"माहीत होतं," ताई म्हणाली. "तरी."

शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डात कुणाचं तरी नवं बाळ रडत होतं आणि त्याची आई त्याला कसं धरायचं ते दुसरीला विचारत होती. ताईनं सवयीनं तिकडे मान वळवली, आणि उठता येत नाही हे आठवून परत टेकली.

"रागवू नकोस हं," ती म्हणाली. "पण ते जास्त छान होतं."

कात्रीच्या अंगात इतका राग आला, की तिला खुर्चीवर बसवेना. तो कल्पकवर नव्हता, मास्तरांवर नव्हता, त्या निळ्या रंगावर नव्हता. हा राग काढायला जगात दुसरं माणूसच नव्हतं. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली आणि ताईच्या प्लास्टरवर हात ठेवून उभी राहिली.

"रागावलीस?" ताईनं विचारलं.

"हो."

"माझ्यावर?"

"नाही," कात्री म्हणाली.